ग्रुप फोटोतले डावीकडचे सहा जण : बर्डीवरच्या एका जुन्या बँक शाखेविषयी

धंतोलीकर

दिवाळीपूर्वी घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी पेटीत वडिलांच्या नोकरीच्या काळातला एक ग्रुप फोटो सापडला. नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या ज्या शाखेत ते १९५१ साली कारकून म्हणून लागले, तिच्याच पायऱ्यांवर तो काढलेला आहे आणि पुठ्ठ्याच्या मागे वडिलांच्या अक्षरात ‘एप्रिल १९५७’ असे लिहिलेले आहे. बँक तेव्हा खासगी होती आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरणासाठी जी चौदा बँकांची यादी निघाली तीत तिचा समावेश झाला. तिचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण बँकेचा इतिहास तिच्या मुख्य कार्यालयाने छापलेला आहे आणि त्यात या शाखेला दीड ओळ मिळालेली आहे. मला विचारायचे आहे ते शाखेतल्या माणसांविषयी.

फोटोत बावीस जण आहेत. मधोमध तीन खुर्च्या असून एकीवर एजंटसाहेब आहेत (शाखेच्या प्रमुखाला तेव्हा एजंट म्हणत) आणि दुसरीवर अकाउंटंट आहेत. तिसऱ्या खुर्चीवर जरीकाठी पगडी घातलेले, पायात मोजे नसलेले एक वयस्क गृहस्थ बसले आहेत. खुर्च्यांमागे कोट घातलेले नऊ कारकून उभे आहेत, त्यांत उजवीकडून दुसरे माझे वडील. पुढे सतरंजीवर दोन शिपाई, एक दप्तरी आणि मांडीवर बंदूक आडवी घेतलेला पहारेकरी आहे. राहिलेले सहा जण डावीकडे उभे आहेत आणि त्यांच्यात व कारकुनांत एक माणूस सहज मावेल एवढी जागा मोकळी सुटलेली आहे. त्यांच्या डोक्यावर काळ्या टोप्या आहेत आणि अंगात बंद गळ्याचे कोट आहेत.

मला कोड्यात टाकले ते मागच्या यादीने. वडिलांनी दप्तरी आणि शिपायांसकट सगळ्यांची नावे क्रमाने लिहिलेली आहेत. पगडीवाल्यांसमोर मात्र नुसते ‘शेठजी’ आणि त्या सहा जणांसाठी एकच ओळ आहे : ‘रोखविभाग, शेठजींकडील सहा’. ज्या माणसांबरोबर सहा वर्षे एका छपराखाली काम केले त्यांची नावे वडिलांना ठाऊक नसणे शक्य नाही. मग ती लिहिली का नाहीत, आणि ‘शेठजींकडील’ म्हणजे नेमके काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

इतवारीवाला

माझा एक अंदाज आहे, चुकला तर सांगावे. ही माणसे गोदामाची असावीत. आमच्या घरी रुईचा व्यापार होता, त्यामुळे हे थोडे जवळून पाहिलेले आहे. त्या काळी नागपूरच्या बँकांचे मोठे काम म्हणजे कापसावरचे कर्ज. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंग-प्रेसिंगवाल्याला शेतकऱ्याचे पैसे रोख द्यावे लागत आणि त्याचे स्वतःचे पैसे गाठी मुंबईला विकल्या गेल्यावर सुटत. मधल्या तीन-चार महिन्यांसाठी बँक गाठींच्या तारणावर रक्कम देई, पण गोदामाला कुलूप बँकेचे लागे आणि दारावर बँकेचा फलक व चौकीदार असे. गोदामकीपर रोज किती गाठी आत आल्या आणि किती सोडल्या याचा हिशेब शाखेत पोहोचवी. व्यापाऱ्याने पैसे भरले की तेवढ्या गाठींचे सोडपत्रक निघे. नोव्हेंबर ते एप्रिल हा बँकवाल्यांचा हंगाम, आणि पाऊस पडला की मंदी. तुमचा फोटो एप्रिलमधला असल्यामुळे हंगाम आवरून गोदामाची मंडळी शाखेत आली असतील, असे वाटते.

बाकी बँका येण्यापूर्वी हा सगळा व्यवहार आमच्या इतवारीतल्या आणि कामठीच्या पेढ्यांवर हुंड्यांनी चाले. बन्सीलाल अबीरचंद ही कामठीची पेढी त्यांतली सर्वांत मोठी. ज्यांच्या नावाने कस्तुरचंद पार्क आहे ते सर कस्तुरचंद डागा त्याच घराण्यातले. पगडीवाले शेठजी अशाच एखाद्या पेढीचे असणार, एवढे नक्की.

जुना रोखपाल

इतवारीवाल्यांचा कापसाचा तपशील अचूक आहे, परंतु निष्कर्ष चुकला. गोदामकीपर हा बँकेचा नोकर असे आणि त्याला कोणी ‘शेठजींकडील’ म्हटले नसते. मी १९६४ मध्ये दुसऱ्या एका बँकेत रोखपाल म्हणून लागलो. तोवर ही पद्धत संपत आली होती, पण तिच्यात उमेदवारी केलेले दोन वृद्ध सहकारी माझ्या डावी-उजवीकडे बसत असल्यामुळे पुढील माहिती त्यांच्याकडून ऐकलेली आहे.

तुमचे शेठजी हे त्या शाखेचे खजांची होत. जुन्या बँकांत रोखविभाग कंत्राटाने चालत असे. बँक गावातल्या एखाद्या मातब्बर सावकाराशी करार करी. तो रोख अनामत ठेवी, घरादाराची कागदपत्रे तारण म्हणून देई आणि शाखेतल्या रोकडीची सर्व जबाबदारी स्वीकारी. त्याबदल्यात त्याला ठरावीक मेहनताना मिळे. हेड कॅशियरपासून नोटा शिवणाऱ्या पोरापर्यंत रोखविभागातली माणसे तो स्वतः निवडून देई, कारण त्यांच्यापैकी कोणी पैसे खाल्ले, खोटी नोट घेतली किंवा मोजताना चूक केली, तर भरपाई त्यालाच करावी लागे. बँकेला हे सोयीचे होते, कारण गावात कोणाच्या शब्दाला किंमत आहे हे परगावाहून बदलून आलेल्या एजंटाला कळणार नाही आणि शेठजींना मात्र तीन पिढ्यांपासून माहीत असणार.

म्हणून एकाच शाखेत दोन घरे असत. लेजर, हुंड्या, पत्रव्यवहार आणि कर्जे ही एजंटाच्या माणसांची बाजू, आणि जाळीच्या आतली रोकड ही शेठजींच्या माणसांची. तिजोरीला दोन चाव्या असत. एक अकाउंटंटकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे, आणि दोघे समोरासमोर उभे राहिल्याशिवाय दार उघडत नसे. दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्याची ही रीत आजही तशीच आहे, फक्त आता दोन्ही चाव्या बँकेच्याच माणसांकडे असतात. त्या काळी मात्र एक चावी बँकेची आणि एक शेठजींची, असा त्याचा सरळ अर्थ होता.

रोखविभागातली माणसे शिकलेली असतच असे नाही, पण त्यांचे कसब वेगळे होते. आपल्याकडे या कामाला पोतदार हा फार जुना शब्द आहे : नाणे पारखून भरणा घेणारा. चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा असल्यामुळे ऐंशी रुपयांचा एक शेर होई, आणि हजार रुपये साडेबारा शेर भरले पाहिजेत हे तराजूवर कळे. तराजूला न कळणारे खोटे नाणे दगडी फरशीवर टाकून आवाजावरून ओळखत. १९४० नंतर रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, तेव्हा या मंडळींचे निम्मे शास्त्र एका रात्रीत निरुपयोगी झाले. माझ्या शेजारचे वृद्ध सहकारी निकेलच्या रुपयाला शेवटपर्यंत ‘मुका’ म्हणत.

आता नावे का लिहिली नाहीत, याविषयी माझे मत सांगतो. तुमच्या वडिलांना ती ठाऊक असणारच. पण हजेरीपटावर, पगारपत्रकावर आणि बढतीच्या यादीवर कारकुनांची नावे असत, तशी त्यांची नसत. ती शेठजींच्या वहीत असत. वडिलांनी फोटोमागची यादी बहुधा हजेरीपटाच्या क्रमानेच उतरवली असावी.

धंतोलीकर

काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि नंतर आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईचे वय आता ब्याण्णव आहे. तिने ‘शेठजींची माणसे’ हा शब्द ऐकल्याबरोबर सांगितले की, संक्रांतीला तिळगूळ द्यायला कारकुनांची कुटुंबे एकमेकांकडे जात, पण ‘कॅशवाल्यांकडे’ जाण्याची पद्धत नव्हती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. वडील त्यांच्याविषयी आदराने बोलत, एवढे तिला आठवते. एकदा दिवसाचा जमाखर्च सात आण्यांनी जुळत नव्हता, म्हणून सगळी शाखा रात्री साडेनऊपर्यंत बसली होती आणि चूक अखेर लेजरच्या बाजूला, म्हणजे वडिलांच्याच बेरजेत, निघाली. जाळीच्या आतले सगळे तोवर थांबले होते, कारण अकाउंटंटांनी जमाखर्चावर सही केल्याशिवाय त्यांनाही तिजोरी बंद करता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्या सर्वांना चहा पाजला. माझ्या लहानपणी ही गोष्ट वडिलांच्या बेरजेच्या थट्टेसाठी सांगितली जाई. जाळीच्या आत कोण बसले होते, हे मी कधी विचारले नाही.

दुसरा एक प्रश्न मनात आला. फोटो एप्रिल १९५७ मध्येच का काढला असेल?

महालातली

मी १९७६ मध्ये बँकेत लागले आणि आमच्या शाखेत लेजरवर बसणारी पहिली स्त्री होते, म्हणून थोडे लिहिते. एप्रिल १९५७ या तारखेत मला तरी काही गूढ दिसत नाही. त्या महिन्याच्या १ तारखेला दशमान नाणी सुरू झाली. आणे-पैंचा हिशेब संपून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुन्या लेजरांत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. प्रत्येक खात्याची शिल्लक नव्या पैशांत उतरवून घ्यायची होती आणि एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे असल्यामुळे भागाकार बहुधा सरळ येत नसे. त्यासाठी तक्ता ठरवून दिलेला होता : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस, पाचांचे एकतीस, सहांचे सदतीस, सातांचे चव्वेचाळीस, आणि पुढे तसेच. म्हणजे धंतोलीकरांच्या वडिलांचे ते सात आणे या तारखेनंतर चुकले असते तर चव्वेचाळीस नवे पैसे चुकले असते! मी लागले तेव्हाचे आमचे हेड कॅशियर हा तक्ता पाढ्यासारखा म्हणून दाखवत. जुनी आणि नवी नाणी पुढची काही वर्षे एकत्रच चालली, त्यामुळे जाळीच्या आतल्या लोकांना दोन्ही मोजावी लागत. असे काम पार पडल्यावर फोटो काढावासा वाटणे साहजिक आहे.

पण नागपूरकर म्हणून मला आणखी एक कारण दिसते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. सचिवालयाचा नोकरवर्ग आणि त्यांची बिऱ्हाडे त्या हिवाळ्यात गाडीत बसून गेली आणि त्यांची बचत खातीही त्यांच्यामागून बदलून गेली. आमच्या वडिलांचे म्हणणे असे की, त्या वर्षी बर्डीवर भाड्याच्या पाट्या जितक्या लागल्या तितक्या पुन्हा कधी लागल्या नाहीत. शाखेतल्या कोणाकोणाची बदली होणार हे ठरत असताना सगळ्यांनी एकदा पायऱ्यांवर उभे राहावे, असे एजंटांना वाटले असेल. हा अर्थात तर्कच आहे.

मोकळ्या जागेबद्दल एक सांगते. १९७६ मध्ये रोखविभाग आमच्यासारखाच बँकेचा होता आणि वेतनश्रेणीही तीच होती. रोखपालाला वर विशेष भत्ता मिळे. तरी डबा खायला ते लोक जाळीच्या आतच बसत. मी पहिल्या आठवड्यात न कळून आत गेले, तर हेड कॅशियर अतिशय सभ्यपणे म्हणाले, “बाई, रोकड उघडी असताना इथे बाहेरचे कोणी येत नाही.” मी त्याच बँकेची होते, पण बाहेरची होते.

कामगार चळवळीतला

‘वेतनश्रेणी तीच होती’ हे वाक्य एका ओळीत आले, पण त्यामागे मोठी लढत आहे आणि ती या फोटोच्या आजूबाजूच्या वर्षांतलीच आहे, म्हणून लिहितो.

ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन १९४६ मध्ये स्थापन झाली. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा पहिला देशव्यापी निवाडा, सेन निवाडा, १९५० मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. मग १९५३ मध्ये शास्त्री निवाडा आला. अपिलात जो निर्णय झाला त्यात सरकारने १९५४ मध्ये काटछाट केली, तेव्हा केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा आयोग नेमला गेला तो त्यानंतर. (हेच गिरी १९६९ मध्ये हंगामी राष्ट्रपती होते आणि १९ जुलैच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर त्यांचीच सही आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या घरांत त्यांचा फोटो का दिसे, हे त्यावरून कळावे.)

या सगळ्यात रोखविभागाचा प्रश्न वेगळा होता. खजांचीने नेमलेला माणूस बँकेचा कामगार आहे की खजांचीचा खासगी नोकर? खासगी नोकर असेल तर निवाड्याची वेतनश्रेणी त्याला लागू होणार नाही आणि शेठजींची मर्जी फिरली की त्याला दाद मागायला जागा उरणार नाही. हा प्रश्न पंजाब नॅशनल बँकेच्या एका हेड कॅशियरच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५५ मध्ये निर्णय झाला की, खजांची हा स्वतःच बँकेचा नोकर असून त्याने बँकेच्या वतीने नेमलेला रोखपालही बँकेचाच नोकर आहे. काम बँकेचे, देखरेख बँकेची आणि पैसा बँकेचा असताना माणूस तेवढा दुसऱ्याचा असू शकत नाही, असा साध्या भाषेत त्याचा अर्थ.

म्हणजे धंतोलीकर, तुमचा फोटो काढला तेव्हा कायद्याने ते सहा जण ‘शेठजींकडील’ राहिलेले नव्हते. वडिलांनी तसे लिहिले, कारण कायदा दिल्लीत बदलला तरी बर्डीच्या पायऱ्यांवर उभे राहायची जागा बदलायला वेळ लागतो. त्यांना कमी लेखण्याचा हेतू त्यात नसावा. मी तर म्हणेन की, दहा वर्षांपूर्वी ग्रुप फोटो निघाला असता तर शेठजी खुर्चीवर दिसले असते आणि हे सहा जण फोटोतच नसते.

जुना रोखपाल

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. एक बारीकशी भर घालतो. ही पद्धत गेली ती केवळ न्यायालयामुळे गेली नाही. खजांचींनाच ती परवडेनाशी झाली होती. नोटांचा व्यवहार इतका वाढला की, कोणत्या शाखेत कोणत्या माणसाच्या हातून काय होईल याची हमी देणारा शेठजी उरला नाही. पुढे रोखपाल स्वतःच अनामत किंवा हमी देऊ लागला. मी लागलो तेव्हा माझ्या हमीपत्रावर सासऱ्यांची सही घ्यावी लागली होती. तूट आली तर मात्र भरपाईची पद्धत तीच राहिली, फक्त शेठजींच्या जागी माझा पगार आला. १९७१ च्या एका शनिवारी मला पन्नास रुपये कमी आले, ते मी भरले आणि घरी तीन महिने सांगितले नाही. जास्त आले तर ते बँकेच्या खात्यात जमा होत. या व्यवहारातला न्याय मला आजही समजलेला नाही.

अकोलेकर

आमच्याकडे हा विषय निघाला की १९६० आठवते. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि त्याच वर्षी केरळात पलाई सेंट्रल बँक बंद झाली. माझे आजोबा धास्तीने पहिल्या गाडीने नागपूरला गेले आणि दुसऱ्याच एका बँकेच्या बर्डी शाखेतून सगळी ठेव काढायला उभे राहिले. रांग मोठी होती. आजोबा सांगत की, जाळीच्या आतला रोखपाल नेहमीच्याच गतीने मोजत होता, ना घाई ना टाळाटाळ, आणि एका गृहस्थाने “संपणार तर नाही ना?” असे विचारल्यावर त्याने मान वर न करता “आपला नंबर किती?” एवढेच विचारले. आजोबांनी त्याच्याकडे अर्धा तास पाहिले आणि पितळी टोकन परत करून ठेव न काढताच घरी आले.

ठेवींचा विमा १९६२ मध्ये आला तो याच बुडीत प्रकरणांनंतर, आणि तोही सुरुवातीला पंधराशे रुपयांपुरताच. त्यापूर्वी सामान्य माणसाला हमी होती ती जाळीतून दिसणाऱ्या चेहऱ्याची. लहान बँका मोठ्या बँकांत मिळवून टाकण्याचा सपाटाही तेव्हाच लागला. बँक ऑफ नागपूर १९६१ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रात विलीन झाली.

नंदनवन

मी येथे केवळ वाचक आहे, क्वचितच लिहितो. धंतोलीकरांनी काल फोटोची प्रत चढवली ती मोठी करून पाहिली. डावीकडच्या सहा जणांत मागच्या रांगेतल्या मधल्या गृहस्थांच्या कोटाच्या खिशातून एक साखळी खाली आलेली दिसते. माझे आजोबा बर्डीवर एका बँकेत ‘शेठजींच्या हाताखाली’ रोकड सांभाळत, हा शब्दप्रयोग आमच्या घरात कायम ऐकलेला आहे. तिजोरीची चावी ते कमरेच्या साखळीत अडकवत, आणि रात्री झोपताना साखळी आजीच्या उशाखाली जाई. नाक आणि कान त्यांचेच वाटतात. पण आजोबा काळी टोपी घालत नसत, पांढरी घालत, आणि १९५७ मध्ये ते याच शाखेत होते की कामठीला, याविषयी वडील आणि काका यांच्यात एकमत नाही.

धंतोलीकर

नंदनवन, आपला प्रतिसाद वाचून मी मूळ फोटो भिंगाखाली पुन्हा पाहिला. साखळी आहे, आणि ती घड्याळाची नाही. टोकाला जड काहीतरी असल्यासारखा खिसा ओढला गेला आहे. त्या सहा जणांत खिशाला साखळी असलेले ते एकटेच आहेत, म्हणजे काकांनी सांगितल्याप्रमाणे हेड कॅशियर तेच असणार. टोपीचे म्हणाल तर सहाही टोप्या एकसारख्या, नव्या दिसतात. फोटोसाठी शेठजींनीच दिल्या असतील काय, असे आई विचारते.

आपल्या घरात त्यांना ओळखणारे कोणी वयस्क असेल, तर मी फोटो घेऊन येईन. प्रतीवर चेहरा नीट उठत नाही.

नंदनवन

गोंदियाला आत्या आहे, वय अठ्ठ्याऐंशी. लग्नापूर्वी तीच आजोबांचा डबा बर्डीवर घेऊन जाई. येत्या रविवारी ती नातवाच्या मुंजीसाठी नागपूरला येत आहे, सकाळी अकरापर्यंत घरीच असेल. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो. येताना सोबत पेन्सिल आणावी, म्हणजे आत्याने सांगितले तर मागे तिच्यासमोरच लिहिता येईल.